मुलांसोबत जिओकॅशिंग : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, माझी मुलं ७ आणि ११ वर्षांची आहेत. फिरायला चला म्हटलं की दोघांची तोंडं वाकडी होतात. एका मैत्रिणीने जिओकॅशिंग सुचवलं. हे नक्की काय असतं आणि सुरुवात कशी करू? मला टेक्निकल गोष्टी फारशा जमत नाहीत.

उत्तर : टेक्निकलचं टेन्शन सोडा, मोबाईलच्या मॅपवर पत्ता शोधता येतो ना, मग हेही जमेल. कोणीतरी बाहेर कुठेतरी एक डबा लपवून ठेवलेला असतो, त्या जागेचे जीपीएसचे आकडे (अक्षांश-रेखांश) जिओकॅशिंगच्या ॲपवर असतात, आपण तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा जसा होता तसाच परत लपवून यायचं. साधा अकाउंट फ्री असतो, सुरुवातीला तो पुरतो.

मुलांना आधी ह्याची गोष्ट सांगा, त्यांना आवडते. पूर्वी अमेरिकन सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम गडबड करायचं, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. २ मे २००० ला ती गडबड बंद केली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या झाडीत एक बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकून दिले, बघू कोणाला सापडते ते! आत वही-पेन्सिल होती, गलोल होती, बीन्सचा डबासुद्धा होता. आणि थोड्याच दिवसांत ती लोकांना सापडलीही.

पहिल्या वेळी ट्रॅडिशनल प्रकारच निवडा, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरच डबा असतो, मध्ये कोडी नाहीत. डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) आणि टेरेन (वाट किती अवघड) दोन्ही १ किंवा १.५ असलेला घ्या (दोन्ही ५ पर्यंत जातात). साईज स्मॉल किंवा रेग्युलर. मायक्रो आणि नॅनो मात्र आत्ता नकोच, नॅनो तर बोटाच्या टोकाएवढा असतो आणि आत फक्त कागदाची सुरळी, ७ वर्षांच्या मुलाचा पार हिरमोड होतो. आधीच्या लोकांनी काय लिहिलंय तेही वाचा, शेवटच्या दोघातिघांना सापडला नसेल तर तो डबा गेलेला असण्याची शक्यता बरीच, दुसरा बघा.

आता माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. मोबाईल मोकळ्या जागेत साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, दाट झाडीत किंवा उंच इमारतींजवळ त्याहून जास्त चुकतो, त्यामुळे शेवटी ॲपमधला दिशा दाखवणारा बाण नुसता गरागरा फिरत बसतो आणि मुलं जमिनीकडे बघायचं सोडून स्क्रीनकडे बघत राहतात. म्हणून १० मीटर राहिले की मोबाईल खिशात. तिथपर्यंत मोठ्याने रस्ता दाखवायचा आणि पुढे सगळ्यांनी डोळ्यांनी शोधायचं. जरा जास्तच नीट रचलेले दगड, ढोलीवर टेकवलेली फांदी, बाकाच्या खालची बाजू. बाकाखालचं तर धाकट्यालाच आधी दिसतं, आपण तेवढे वाकतच नाही. आणि तुम्हाला डबा आधी दिसला तर प्लीज गप्प बसा, बोट दाखवू नका, इशारा करू नका, मुलांना हवा तेवढा वेळ घेऊ दे.

हिंट इंग्रजीत असेल तर ती बहुतेक वेळा सांकेतिक अक्षरांत असते, ए च्या जागी एन, बी च्या जागी ओ, असं १३ अक्षरं पुढे सरकवलेलं. ॲप ती एका टॅपमध्ये उलगडून देतं पण ११ वर्षांच्या मुलाला कागद-पेन्सिल द्या की, तो आनंद वेगळाच. बिळात, ढोलीत हात घालण्याआधी काठी आणि टॉर्च, हा नियम मात्र पहिल्या दिवसापासून.

प्रश्न : आम्ही तासभर शोधलं, काही सापडलं नाही, लेक रडायलाच लागली. अशा वेळी काय करायचं?

उत्तर : तासभर फार झाला हो, लहान मुलांसोबत वीसेक मिनिटं पुष्कळ. सापडला नाही हेसुद्धा ॲपवर नोंदवायचं असतं, त्याला डीएनएफ (डिड नॉट फाइंड) म्हणतात, त्यामुळे लपवणाऱ्याला कळतं की जाऊन एकदा बघायला हवं. ही नोंद लेकीलाच करू द्या, तिच्या शोधण्याचाही त्याला उपयोग होतो. आणि एका फेरीत दोन-तीन डबे ठेवा, सगळ्यात सोपा शेवटी.

प्रश्न : डब्यातली छोटी गाडी मुलाला हवी होती. घेतली तर चालतं का?

उत्तर : चालतं, पण तेवढ्याच किंवा जास्त मोलाची वस्तू ठेवायची, म्हणून घरून निघतानाच मुलांना आपापल्या खजिन्यातून काहीतरी निवडायला सांगा. खाऊ अजिबात नको, वासाने प्राणी येतात आणि डबा फोडतात. चाकू, काडेपेटी पण नको. एखाद्या वस्तूला नंबर कोरलेला बिल्ला असेल तर ती ट्रॅव्हल बग, ती घरी ठेवून घ्यायची नसते, पुढच्या डब्यात नेऊन ठेवायची आणि तशी नोंद करायची. ती कुठून कुठे फिरून आली हे मॅपवर दिसतं, काही तर देशोदेशी जाऊन आलेल्या असतात, मुलं नकाशा घेऊन बसतात अक्षरशः.

प्रश्न : मुलीला स्वतःचा डबा लपवायचाय. परवानगी लागते का?

उत्तर : जागा ज्यांची आहे त्यांची लागते. शिवाय दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर लांब हवा, खड्डा खणून पुरायचा नाही, आणि ॲपवर यायच्या आधी रिव्ह्यूअर तपासतो. वही ओली झाली, डबा फुटला तर तुम्हालाच जावं लागणार, म्हणून सुट्टीत गेलेल्या गावी लपवू नका. आधी थोडे डबे शोधून होऊ द्या, तोवर मोकळ्या मैदानात भावंडांनी एकमेकांसाठी डबे लपवावेत आणि आकडे कागदावर लिहून द्यावेत. अक्षांशातल्या मिनिटांच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) आकड्यात दशांश चिन्हानंतरचा तिसरा अंक एकने बदलला की जागा साधारण १.८५ मीटर सरकते, हे त्यांना चालत जाऊन मोजू द्या.