पसंतीक्रम भरण्याआधी

लेकरा,

तुझा मेसेज मिळाला. ‘मॅडम, पुणे, नांदेड की परभणी, एका शब्दात सांगा,’ असं लिहिलं आहेस. एका शब्दात सांगितलं तर तू तो शब्द ऐकशील आणि तसंच करशील, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ते टाळते आणि सविस्तर लिहिते. हे अण्णांनाही वाचून दाखव. पैशांबद्दल जे लिहिलं आहे ते दोघांनी मिळून वाचायचं आहे.

‘चांगलं विद्यापीठ निवडायचं आहे,’ असं आपण म्हणतो. पण बारावीनंतर तू नेमकं काय निवडतेस ते बघ. आपल्याकडे बहुतेक मुलं विद्यापीठात शिकत नाहीत, विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात शिकतात. विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. शिकवतं ते कॉलेज. संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिवची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे आहेत. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाकडे. इंजिनिअरिंगला तर आणखी वेगळं चित्र दिसतं. मराठवाड्यातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पदवीवर रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचं नाव असतं, आणि तिथल्या पोराने लोणेरे डोळ्यांनी पाहिलेलंही नसतं. एकाच विद्यापीठाची दोन कॉलेजं असतात. एकात प्रयोगशाळा रोज उघडते, दुसऱ्यात ती तपासणी समिती येणार असली की उघडते. पदवीचा कागद मात्र दोघांना सारखाच मिळतो. त्यामुळे तुझा पहिला प्रश्न ‘कुठलं विद्यापीठ’ असा नकोच. पुढची चार वर्षं तू ज्या वर्गात आणि ज्या प्रयोगशाळेत असणार, तिथे काय चालतं, हे आधी विचार.

स्वायत्त कॉलेजांचा प्रकार वेगळा. ती आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात. नांदेडला विष्णुपुरीची श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था 1981 पासून आहे, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 पासून. दोन्ही स्वायत्त आहेत. तिथल्या शिक्षकांना चार नव्या गोष्टी शिकवायला विद्यापीठाच्या मंडळाची वाट पाहावी लागत नाही. तुझे सीईटीचे पर्सेंटाइल बघता यांतल्या एका ठिकाणी, संगणक शाखा नाही पण दुसरी एखादी शाखा मिळू शकते. तिसरा प्रकार खाजगी विद्यापीठांचा. पुण्याचं जे माहितीपत्रक तू फोटो काढून पाठवलंस ते त्यातलं. त्याबद्दल मला जरा जास्तच बोलायचं आहे.

तुमच्या गावात जो माणूस ‘सीट बुक करा, नंतर मिळणार नाही’ म्हणून फिरतो आहे, त्याला एक रुपयाही देऊ नका. आणि मूळ मार्कशीट, टीसी तर अजिबात हातात देऊ नका. विद्यापीठांनी आणि कॉलेजांनी विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2018 च्या अधिसूचनेत सांगितलेलं आहे. कॉलेजने तपासून परत द्यायची असतात. पण कागद एकदा मध्यस्थाच्या पिशवीत गेला की नियम दाखवायचा कोणाला?

आता त्या माहितीपत्रकात नसलेली गोष्ट सांगते. जुलै 2024 मध्ये राज्य शासनाने निर्णय केला की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ. तू ओबीसी आहेस आणि तुमचं उत्पन्न त्या मर्यादेच्या खूप आत आहे. पण ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, प्रवेश घेतलेल्यांना आहे. व्यवस्थापन कोट्याला नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांनाही नाही. म्हणजे तुझ्याच मार्कांवर, तुझ्याच दाखल्यावर एका ठिकाणी शिकवण्याचे पैसे शासन भरेल, आणि दुसऱ्या ठिकाणी ते अण्णांना भरावे लागतील. हा फरक चार वर्षांनी गुणून बघा. मग वसतिगृह, खानावळ, लॅपटॉप, दिवाळी-उन्हाळ्याचं येणं-जाणं त्यात मिळवा. माहितीपत्रकात पहिल्या वर्षाचं शुल्क ठळक छापतात. पुढच्या वर्षांची वाढ तुम्हीच विचारायची आणि लेखी मागायची.

अण्णा, हे तुमच्यासाठी. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘मॅडम, लागलं तर ओढ्याकडचं एक एकर काढू, पण पोरीला पुण्यालाच धाडू.’ तुमच्या मनातली तळमळ मला कळते. मुलीसाठी रान विकायला निघालेला बाप या भागात रोज भेटत नाही. तरी सांगते, पदवीसाठी रान विकू नका. पदवीनंतर तिला पुढे शिकायचं असेल, परदेशातली किंवा देशातली खरोखर मोठी संस्था मिळाली, शिष्यवृत्तीतून थोडं कमी पडलं, तर त्या वेळी बोलू. आज जे विकत घ्यायला निघाला आहात त्यात शिक्षणाचा भाग किती आणि नावाचा किती, हे अजून आपण तपासलेलं नाही. तुम्ही सोयाबीनच्या पिशवीवरचं चित्र बघून बियाणं पेरत नाही. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळता, उगवण मोजता, मग पेरता. कॉलेजचंही तसंच करू.

उगवण कशी मोजायची ते तुला सांगते, लेकरा. कॉलेजला जा. प्रवेश खिडकीपाशी थांबू नकोस, तिथे सगळीकडे एकसारखं बोलतात. ज्या शाखेला प्रवेश घ्यायचा आहे त्या विभागात जा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ. त्यांना विचार, की विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासाप्रमाणे पैसे मिळणारे सीएचबीवाले, किती. सीएचबीवर शिकवणाऱ्यांत मी पाहिलेले काही शिक्षक फार उत्तम आहेत. पण वर्षाअखेरीस ज्याचं काम राहील की नाही हे त्यालाच माहीत नसतं, त्याच्याकडून प्रकल्पाचं दोन वर्षांचं मार्गदर्शन कसं मागणार? विभाग रिकामा असला की शिकवणंही पातळ होतं. मग विचार, गेल्या सत्रात प्रात्यक्षिकं किती झाली, आणि उपकरणाला स्वतः हात लावला की चौघांच्या मागे उभं राहून पाहिलं. अभ्यासिका किती वाजता बंद होते, आणि मुलींच्या वसतिगृहाचं दार किती वाजता. या दोन वेळांचा मेळ बसत नसेल तर ती अभ्यासिका तुझ्यासाठी नाही.

आणि पाणी. एप्रिल-मे मध्ये वसतिगृहात पाणी कुठून येतं, हे विचारायला लाजू नकोस. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत असतात.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असा फलक दिसला तर एवढंच विचार, की गेल्या वर्षी तुझ्या शाखेतून किती जण उत्तीर्ण झाले, त्यांतल्या किती जणांना काम मिळालं, आणि पगाराप्रमाणे ओळीने उभं केलं तर मधल्या मुलाला किती पगार मिळाला. सगळ्यांत मोठ्या पगाराचा आकडा फलकावर असतोच. तो एकाच मुलाचा असतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघ, पण ती संपूर्ण कॉलेजची असते. विभाग कसा आहे ते त्यातून कळत नाही.

तू विचारलंस, ‘इथेच राहिले तर मागे पडेन का?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागला, म्हणून यावर थांबते.

1958 च्या आधी मराठवाड्यातल्या कॉलेजात शिकलेल्या माणसाची पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची असे. बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभं केलं, तेच आजचं मिलिंद. या भागातल्या, विशेषतः दलित, मुलांना शिकण्याची जागा दारात यावी म्हणून. 23 ऑगस्ट 1958 ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. 1994 मध्ये मोठ्या संघर्षानंतर त्याचा नामविस्तार झाला, म्हणजे नावात बाबासाहेबांचं नाव आलं, आणि त्याच वर्षी नांदेडला दुसरं विद्यापीठ आलं. या संस्था कोणी आयत्या दिलेल्या नाहीत, भांडून मिळवलेल्या आहेत. त्यांच्या उणिवा मला ठाऊक आहेत, मी आयुष्य त्यांतच काढलं. निकाल लांबतात, पदं भरली जात नाहीत. तरीही ‘इथलं म्हणजे कमी’ हे तू न तपासता मान्य करावंस असं मला वाटत नाही. अकरावी-बारावीसाठी राज्यभरातून पोरं लातूरला येऊन खोल्या घेऊन राहतात. आणि बारावी झाली की लातूरचीच पोरं न बघता पुण्याची गाडी धरतात. हे मला अजून उमगलेलं नाही.

परभणीचं बघ. आपलं कृषी विद्यापीठ 1972 चं. अण्णांनी मागे पेरलेलं एमएयूएस 71 सोयाबीन तिथलंच. कापसाचं एनएचएच 44 हे संकरित वाण त्याच विद्यापीठाच्या नांदेडच्या संशोधन केंद्राने काढलं, आणि तुझ्या आजीच्या परसातली परभणी क्रांती भेंडीही तिथलीच. तिथे अन्नतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, चार वर्षांचं बी.टेक. अकरावीत तू दुधातल्या भेसळीचा प्रयोग करायला सुट्टीच्या दिवशी आली होतीस. डाळीचं पीठ कडू का पडतं म्हणून मला आठवडाभर छळलं होतंस. संगणक शाखेचा विषय तू माझ्यासमोर कधी आपणहून काढला नाहीस. तो शेजारच्या पोराचा पगार ऐकून घरात आला. माझं मत विचारलंस म्हणून सांगते: परभणीचं अन्नतंत्रज्ञान मी यादीत सगळ्यांत वर ठेवेन, त्याखाली नांदेडची रसायनाशी जवळची शाखा. पुण्याचं खाजगी विद्यापीठ यादीतच ठेवणार नाही. मात्र अन्नतंत्रज्ञानाची प्रवेश फेरी इंजिनिअरिंगच्या कॅपमधून होत नाही, कृषी अभ्यासक्रमांची नोंदणी वेगळी असते. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप भरला, असं समजून दरवर्षी मुलं फसतात.

बाहेर जाऊच नकोस असं मी म्हणत नाही. जायचं तर कशासाठी ते माहीत असू दे. तुला शुद्ध विज्ञानच करायचं असतं तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी मीच तुझ्या मागे लागले असते. हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठही आहे. सीयूईटी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन तिथे पाच वर्षांच्या एकत्रित एमएस्सीला जाता येतं, आणि नांदेडकडच्या माणसाला हैदराबाद पुण्यापेक्षा जवळ. माझी एक विद्यार्थिनी गंगाखेडहून बीएस्सी करून पुढे एमएस्सीला बाहेर गेली. पहिलं सत्र इंग्रजीने रडवलं तिला, पण विषय पक्का होता म्हणून टिकली. पदव्युत्तरला विद्यापीठाचा विभाग, तिथला मार्गदर्शक, तिथलं ग्रंथालय या सगळ्याला खरं वजन येतं. तेव्हा लांब जायला मी तुला स्वतः गाडीत बसवीन.

घराची ओढ हा कमीपणा नाही, हेही लिहून ठेवते. आई आजारी असते, धाकटा आठवीत आहे. येळवसला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात यावंसं वाटलं तर परभणीहून सकाळी निघून येशील. निर्णय करताना ही गोष्ट मोजायची असते. लोक ती लपवतात, आणि मग दुसऱ्या सत्रात पोरगी खोलीत एकटी बसून असते.

आता कामाचं. जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. समितीकडे अर्ज केला असेल तर त्याची पावती काढून ठेव. नॉन-क्रिमीलेअर चालू आर्थिक वर्षाचं आहे का ते बघ. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आताच घे, निकालानंतर तिथे रांग लागते. माफीसाठी महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज दरवर्षी करावा लागतो, एकदा करून भागत नाही. कॅपचा पसंतीक्रम भरताना मन लावून भर. 2025 च्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली तर तीच जागा पक्की धरली जाते, पुढच्या फेरीची आशा ठेवून ती सोडता येत नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात. सीईटी कक्षाची यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाच, सायबर कॅफेवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नकोस. फॉर्मचा पासवर्ड त्याच्याकडे ठेवू नकोस.

येत्या आठवड्यात परभणी आणि विष्णुपुरी दोन्ही बघून ये. परभणीला मी सोबत येईन. नांदेडला अण्णांना घेऊन जा, आणि मुलींशी बोलताना अण्णांना बाहेर चहा प्यायला बसव. बापासमोर त्या मोकळं बोलणार नाहीत. काय पाहिलंस ते वहीत लिही आणि यादी पक्की करण्याच्या आदल्या दिवशी मला फोन कर. रात्री नऊनंतर मी मोकळी असते.

तुझी
मॅडम