शब्दशंका : ‘ब्लायटी’ कुठून आली?

प्रश्न : बर्मिंगहॅमला असणारा भाचा मेसेजमध्ये ‘ब्लायटीला पोचलो’ असं लिहितो. कोशात पाहिलं तर ‘ब्लाइट’ म्हणजे पिकावरचा करपा. स्वतःच्या देशाला कोणी असं नाव देतं का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : करप्याचा इथे काहीच संबंध नाही. ‘ब्लायटी’ म्हणजे ब्रिटन, आणि हा शब्द म्हणजे आपली ‘विलायती’च आहे. हिंदी पट्ट्यात ‘व’चा ‘ब’ होतो, जसं वनाचं बन आणि विवाहाचं ब्याह. तशी विलायतीची ‘बिलायती’ झाली. गोऱ्या शिपायाने ती उच्चारताना जोर ‘लाय’वर दिला आणि आधीची ‘बि’ अर्धी गिळली. इंग्रजीत आपला दंत्य ‘त’ नाही, त्यामुळे शेवटी ‘टी’ आली. मुळात ‘विलायत’ हा अरबी शब्द, अर्थ अंमलाखालचा प्रांत. फारसीतून तो आपल्याकडे आला आणि पुढे परमुलूख, मग युरोप, शेवटी खास इंग्लंड असा त्याचा अर्थ होत गेला. जुना, सैल अर्थ अजून पुसलेला नाही. विलायती चिंच मूळची मेक्सिकोकडची, आणि बंगालीत टोमॅटोला ‘बिलाती बेगुन’ म्हणतात. दोन्हींचा इंग्लंडशी संबंध नाही, समुद्रापलीकडून आलं ते विलायती.

गंमत व्याकरणात आहे. आपल्याकडे विलायत हे नाम आणि विलायती हे विशेषण. छावणीतल्या कानांनी विशेषणच उचललं आणि देशाचं नाव करून टाकलं. १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ते विशेषण म्हणूनच दिसतं : ‘बिलायती पानी’ म्हणजे सोडावॉटर अशी नोंद आहे.

शब्द घरोघरी पोचला तो पहिल्या महायुद्धात. तेव्हा त्याला दुसरा अर्थ चिकटला : जखम. जीव जाणार नाही, कायमचं अपंगत्व येणार नाही, पण उपचारांसाठी मायदेशी धाडावंच लागेल, अशी जखम म्हणजे ‘ब्लायटी’. गोळी दंडाच्या मांसातून आरपार जावी आणि हाड वाचावं, याची माणसं खंदकात मनापासून वाट पाहत. स्वतःवर गोळी झाडून घेतली तर मात्र कोर्ट मार्शल. म्हणून त्या काळातल्या पत्रांचं भाषांतर करताना ‘त्याला ब्लायटी मिळाली’ याचं ‘तो इंग्लंडला पोचला’ करू नका, सगळी वेदना निघून जाते. ‘घरी धाडणारी जखम झाली’ असं लिहा.

आज हा शब्द बहुतेक परदेशी राहणारे किंवा प्रवासातले ब्रिटिश लोक वापरतात, थोड्या लाडाने, थोड्या थट्टेने. अर्जात किंवा सरकारी पत्रात तो शोभत नाही.

प्रश्न : ‘हॅव अ डेको’मधला ‘डेको’ कुठला?
– एक वाचक, कामठी

उत्तर : हिंदीतला ‘देखो’. इथेही तेच झालं : आज्ञार्थ क्रियापद घेतलं आणि त्याचं नाम केलं. अर्थ ‘एक नजर टाक’. ‘ख’मधला ह-कार गळाला आणि ‘द’चा ‘ड’ झाला.