एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारं साधन) इन्स्टॉल 'सगळं ठीक' म्हणतं, पण बिल्ड करताना रोलअपचं (कोडच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाचं) मॉड्यूल सापडत नाही. डिपेंडन्सी (प्रोजेक्टला लागणारं दुसरं पॅकेज) 'ऑप्शनल' असताना काम अडतं कसं?

देवगडला रेंज धड मिळत नाही, म्हणून ऑफिसच्या विंडोज लॅपटॉपवरून अख्खा प्रोजेक्ट नोड-मॉड्यूल्सच्या (बसवलेल्या पॅकेजेसच्या) फोल्डरसकट पेनड्राइव्हवर आणला आणि घरच्या उबुंटू लिनक्सवर चालवायला घेतला, असं तुम्ही लिहिलंय. घोळ तिथेच झालाय.

रोलअपच्या ४ नंबरच्या आवृत्तीपासून (२०२३) त्याचा एक भाग नेटिव्ह आहे, म्हणजे विंडोजला वेगळा, लिनक्सला वेगळा, मॅकला वेगळा. प्रत्येकाचं स्वतंत्र पॅकेज, आणि ती सगळी ऑप्शनल म्हणून नोंदवलेली. एनपीएम तुमच्या मशीनला जुळणारं घेतं आणि बाकीची गुपचूप सोडून देतं. म्हणजे 'ऑप्शनल' लिहिलं असलं तरी त्यातलं एक लागतंच. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ ऑप्शनल म्हणण्यातला प्रकार! ईएसबिल्ड या तशाच साधनाचंही हेच आहे. तुमच्या फोल्डरमध्ये विंडोजवालं आलंय, लिनक्सवालं नाही, आणि फोल्डर भरलेला दिसल्यावर एनपीएमने 'अप टू डेट' म्हणून हात झटकले.

फोटोत तुम्ही एररच्या शेवटच्या ओळी टाकल्यात. त्या नुसत्या फाइलींच्या वाटा आहेत, त्यातून काही कळत नाही. जरा वर स्क्रोल करा. रोलअपवाल्यांनी तिथे स्वच्छ लिहिलंय की ऑप्शनल डिपेंडन्सींबाबत एनपीएममध्ये बग आहे (गिटहबवर इश्यू ४८२८), पॅकेज-लॉक (कोणत्या आवृत्त्या बसवायच्या ते नोंदवणारी लॉक फाइल) आणि नोड-मॉड्यूल्स दोन्ही उडवून पुन्हा इन्स्टॉल करा. एवढा सरळ एरर मेसेज क्वचित बघायला मिळतो.

तर तसंच करा. फक्त लॉक फाइल उडवली की आवृत्त्या नव्याने ठरतात, त्यामुळे कमिट करण्याआधी (बदल पक्के नोंदवण्याआधी) 'गिट डिफ'ने काय बदललंय ते बघा. नव्या लॉक फाइलमध्ये 'रोलअप-लिनक्स' आणि 'रोलअप-विन३२' दोन्ही नावं सापडली पाहिजेत. एकच सापडलं तर उद्या ऑफिसात बोंब होईल.

नेटचं म्हणाल तर पुढच्या वेळी नोड-मॉड्यूल्सऐवजी एनपीएमचा कॅशे, म्हणजे आधी उतरवलेल्या पॅकेजेसचा फोल्डर, पेनड्राइव्हवर घ्या (तो कुठे असतो ते 'एनपीएम कॉन्फिग गेट कॅशे' सांगतं) आणि इन्स्टॉल करताना 'प्रेफर-ऑफलाइन' हा पर्याय द्या. मग लिनक्सचं जेवढं कॅशेत नाही तेवढंच नेटवरून येईल. मध्येच लाइट गेली आणि 'ईकनरीसेट' किंवा 'ईटाइम्डआउट' दिसलं, तर ते नेटवर्कचं दुखणं आहे, प्रोजेक्टमध्ये खाजवत बसू नका.

जुनं एनपीएम अशा वेळी ओरडायचं. मॅकपुरतं असलेलं एफएसइव्हेंट्स हे पॅकेज लिनक्सवर सोडून दिल्याची वॉर्निंग बघून नवी पोरं घाबरायची, आणि कमांड मात्र व्यवस्थित पार पडलेली असायची. ७ नंबरच्या आवृत्तीपासून ते गप्प झालं. माझ्या मते हे जास्त वाईट. आरडाओरड्याकडे दुर्लक्ष करता येतं, पण न सांगितलेलं शोधायचं कुठे? आणि इथे एक्झिट कोडवरही (कमांड संपताना देते तो आकडा, ० म्हणजे यश) विसंबता येत नाही. इन्स्टॉलनंतर 'इको $?' केलंत तरी ० च येईल, कारण ऑप्शनल पॅकेज न बसणं हे एनपीएमच्या लेखी अपयशच नाही.

उबुंटूवर पॅकेजेस बसवणारं एपीटी त्या मानाने सभ्य. 'रेकमेंडेड' आणि 'सजेस्टेड' पॅकेजेस हो-नाही विचारण्याआधीच छापतं, आणि पहिल्या प्रकारातली तुम्ही न मागताही बसवतं. पायथॉनकडे न बसवलेली गोष्ट कळते ती चालवताना. हापूसच्या ऑर्डरींची एक्सेल फाइल पांडास या लायब्ररीत उघडायला जा, एक्सेल वाचणारं ओपनपायएक्सएल हे पॅकेज नसेल तर ते नाव घेऊन सांगतं की हे ऑप्शनल होतं, आता बसवा. उशिरा सांगतं, पण काय हवंय ते तरी सांगतं.

दोन्ही उडवूनही तोच एरर आला तर 'एनपीएम कॉन्फिग गेट ओमिट' चालवून बघा. उत्तरात 'ऑप्शनल' आलं, तर कोणीतरी कॉन्फिगमध्येच ती पॅकेजेस वगळून ठेवलीत. ती ओळ काढा आणि पुन्हा इन्स्टॉल करा.