फिर्याद कोणी द्यायची?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे. या वेळी : परदेशातले युद्धगुन्हे

प्रश्न : दुसऱ्या देशात युद्धगुन्हे केलेला परदेशी माणूस उद्या सोलापुरात सापडला, तर त्याच्यावर इथे खटला चालेल का? आमच्या वर्गात यावरून दोन तट पडलेत. (विधी शाखेची विद्यार्थिनी, जुळे सोलापूर)

उत्तर : चालू शकतो, आणि तोही सोलापूरच्याच सत्र न्यायालयात. युद्धात जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांसाठी भारताने १९६० साली स्वतंत्र कायदा केला. त्याच्या कलम ३ नुसार कराराचा गंभीर भंग भारतात झालेला असो की भारताबाहेर, आणि करणारा कोणत्याही देशाचा असो, तो शिक्षेला पात्र ठरतो. करारांनी संरक्षण दिलेल्या माणसाला जाणूनबुजून ठार केलं असेल तर फाशी किंवा जन्मठेप, एरवी १४ वर्षांपर्यंत कैद. कलम ४ म्हणतं, आरोपी भारतात जिथे सापडेल तिथेच गुन्हा घडला असं धरायचं. सार्वत्रिक अधिकारक्षेत्र म्हणतात ते हेच.

दुसरा तट बहुधा कलम १७ वर बोट ठेवत असेल, आणि त्यांचंही बरोबर आहे. सरकारने, किंवा केंद्राने राजपत्रात नेमलेल्या अधिकाऱ्याने फिर्याद दिल्याशिवाय कुठलंही न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. तुम्ही फौजदार चावडी पोलीस ठाण्यात अर्ज द्या, नाहीतर खासगी फिर्याद घेऊन थेट कोर्टात उभ्या राहा, गाडी तिथेच अडणार. त्यामुळे कागद केंद्र सरकारकडेच न्यावा लागतो.

याहून मोठी अडचण पुढे आहे. ‘गंभीर भंग’ हा शब्द लागतो तो दोन देशांमधल्या युद्धाला किंवा परक्या सैन्याने व्यापलेल्या मुलखाला. यादवी युद्धात स्वतःच्याच नागरिकांचा छळ करणारा अधिकारी कलम ३ मध्ये बसत नाही. छळविरोधी करारावर भारताने १९९७ साली सही केली, पण करार बंधनकारक करणारं पुढचं अनुसमर्थन दिलेलं नाही, म्हणजे तीही वाट बंद. मग उरतो १९६२ चा प्रत्यार्पण कायदा. दुसऱ्या देशाने मागणी केली तर आरोपी सोपवता येतो, आणि सोपवता येत नसेल तर कलम ३४अ खाली केंद्र सरकार इथेच खटल्याचं पाऊल उचलू शकतं. ही फट संसदेने बुजवायलाच हवी, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : मी नोकरीला होतो त्या देशात युद्ध पेटलं. सैनिक बंदिवानांना गोळ्या घालत असताना मी फोनवर चित्रण केलं. त्यातला एक जण आता जर्मनीत राहतो असं कळलं. मी काय करावं? (वाचक, अक्कलकोट रोड)

उत्तर : आधी काय करू नये ते सांगतो. व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर कुणालाही पाठवू नका. तिथे फाइल दाबून लहान होते आणि कोणत्या फोनवर, कधी, कुठे चित्रण झालं ही आतली नोंद पुसली जाते. तो फोन विकू नका, रिसेट करू नका, बंद करून ठेवा. त्याआधी केबल लावून मूळ फाइलच्या दोन प्रती वेगवेगळ्या ड्राइव्हवर घ्या. फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढा. ही ६४ अक्षर-अंकांची ओळ असते आणि फाइलमध्ये तसूभर बदल झाला तरी ती पार वेगळी येते. ती ओळ तारखेसह कागदावर उतरवून सही करा. आपल्या २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातल्या कलम ६३ चं प्रमाणपत्रही हाच हॅश मागतं.

मग व्हिडिओ पुन्हा न बघता, आठवतं ते एका बैठकीत लिहून काढा. डोळ्यांनी पाहिलेलं एका पानावर, ऐकलेलं दुसऱ्या पानावर. तारीख नक्की आठवत नसेल तर ‘नक्की आठवत नाही’ असंच लिहा. सोबत असलेल्या सहकाऱ्यांशी हकीकत जुळवून घेऊ नका. फिनलंडमध्ये सिएरा लिओनचा माजी बंडखोर कमांडर गिब्रिल मासाक्वॉय याच्यावर लायबेरियातल्या गुन्ह्यांचा खटला चालला. न्यायालय साक्षी घ्यायला थेट लायबेरियात गेलं, तरी २०२२ साली तो सुटला, कारण जबाबांमधल्या तारखा मेळ खात नव्हत्या. २०२४ मध्ये अपिलातही तेच झालं.

त्या माणसाचा फोटो फेसबुकवर टाकण्याचा मोह आवरा. तो सावध होऊन पळेल, हे एक. दुसरं, इतर साक्षीदारांनी तो फोटो पाहिला की त्यांची ओळख वाया गेली. आपल्याकडे ओळख परेडीआधी आरोपी दाखवला तर जे होतं, तेच.

जर्मनीचा युद्धगुन्ह्यांविषयीचा २००२ चा कायदा यादवी युद्धालाही लागतो. कार्ल्सरूहे इथल्या फेडरल सरकारी वकिलांच्या कार्यालयाला कुणीही लेखी कळवू शकतं, तिथलं नागरिकत्व लागत नाही. मात्र आरोपी जर्मनीत नसेल आणि येण्याची शक्यताही नसेल, तर ते तपास नाकारू शकतात. म्हणून तो कोणत्या शहरात दिसला, केव्हा, तुम्हाला कोणी सांगितलं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा. मूळ फोन टपालाने धाडू नका, ते मागतील तेव्हा रीतसर ताब्यात द्या.

चित्रणातून मृत्यू सिद्ध होतो, हुकूम सिद्ध होत नाही. बिल्ले, गाडीचे नंबर, वायरलेसवरचा आवाज, कोण कुणाला सलाम ठोकत होतं, याची स्वतंत्र यादी करा. कोब्लेन्झच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी सीरियाच्या अन्वर रस्लान या कर्नलला जन्मठेप दिली. दमास्कसच्या अल-खतीब कोठडीतल्या चौकशी विभागाचा तो प्रमुख होता. त्याचा अधिकार किती, हाताखाली कोण, हे उभं करण्यात वाचलेल्या कैद्यांच्या साक्षी मोलाच्या ठरल्या.

प्रश्न : डॉ. कोटणीसांच्या गावचे म्हणून विचारतो. दवाखान्यावर बॉम्ब टाकायला लावणाऱ्या पंतप्रधानाला दुसऱ्या देशात अटक का होत नाही? (निवृत्त शिक्षक, भैया चौक)

उत्तर : दवाखान्याला जिनिव्हा करारांचं संरक्षण आहे. तिथून शत्रूविरुद्ध घातक कारवाया झाल्या तरच ते जातं, आणि तेव्हाही आधी इशारा व योग्य तिथे मुदत द्यावी लागते. जखमी सैनिकावर उपचार करणं ही काही घातक कारवाई नाही.

पंतप्रधान वाचतो तो पदामुळे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००२ रोजी काँगो विरुद्ध बेल्जियम खटल्यात ठरवलं की पदावरच्या परराष्ट्रमंत्र्याला दुसऱ्या देशाची न्यायालयं हात लावू शकत नाहीत. राष्ट्रप्रमुख आणि पंतप्रधान यांनाही तेच लागू. हे कवच खुर्चीपुरतं आहे. चिलीचे पिनोचे १९९८ साली लंडनमध्ये पकडले गेले तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष होते. पुढे तब्येतीच्या कारणाने त्यांना घरी सोडलं गेलं, पण माजी झालेल्याला अटक होऊ शकते हे तेव्हा जगाने पाहिलं. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सीरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद यांच्यावरचं वॉरंट रद्द केलं, कारण ते पदावर असताना काढलेलं होतं. आता पद गेलंय, नवं वॉरंट काढता येतं.