नाईट ड्युटीतली प्रार्थना

बाळा,

तुझा मेसेज वाचला. नाईट संपवून होस्टेलला येतेस, बायबल उघडतेस आणि दोन ओळींत डोळे मिटतात, मग दिवसभर मनाला लागून राहतं की आपण देवापासून लांब गेलो. अगं, 12 तास उभी होतीस, झोप येणारच! पण मला सांग, त्या 12 तासांत देव कुठे होता? होस्टेलच्या टेबलावर तुझी वाट बघत बसला होता का?

सलाईन लावताना बोल त्याच्याशी. शीर सापडत नाहीये प्रभू, हात स्थिर ठेव. आजोबांचं डायपर बदलताना, प्रभू, यांना ओशाळल्यासारखं वाटू देऊ नकोस. झाली प्रार्थना. आमेन म्हणायचीही घाई नको, कारण ती संपलेलीच नाहीये.

निरंतर प्रार्थना करा असं प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो, आणि आपण रात्रंदिवस काम करून पोट भरलं हेही त्याच पत्रात सांगतो, तंबू शिवणारा माणूस तो. मग निरंतर प्रार्थना करणं रिकाम्या लोकांसाठीच कसं असेल? आणि तो 17व्या शतकातला पॅरिसच्या मठातला ब्रदर लॉरेन्स, लढाईत पाय अधू झालेला, त्याला काम मिळालं स्वयंपाकघराचं, ज्याचा त्याला मुळातच कंटाळा. तिथेच, भांड्यांच्या गोंगाटात, त्याने देवाशी बोलायची सवय लावली. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यालाही जड गेली हे मात्र कोणी सांगत नाही. विसरायचा, आठवलं की चूक कबूल करायचा आणि परत वळायचा.

तूही विसरशील. इमर्जन्सी आली की तासन्‌तास विसरशील. लक्षात आलं की परत वळ. मी किती वाईट, मी किती वाईट करत बसलीस तर लक्ष पुन्हा स्वतःकडेच गेलं ना? परत वळ. पुन्हा विसरलीस? परत वळ, बास.

मला एका वडीलधाऱ्या बाईंनी सुनावलं होतं, गुडघे न टेकता केलेली प्रार्थना कसली. मी ऐकलं नाही, आजही ऐकणार नाही. रविवारची उपासना चुकवू नकोस, गुडघेही टेक, पण वॉर्डात देवाशी बोलले नसते तर एक पेशंट डोळ्यांसमोर गेल्यावर दुसऱ्या बेडकडे मी चालत जाऊच शकले नसते. वाईट एवढंच वाटतं की आई गेली तेव्हा मला हे येत नव्हतं, तिच्या उशाशी मी नुसती मॉनिटर बघत बसले होते.

मोठं काही ठरवू नकोस. प्रत्येक पेशंटआधी हात धुतेसच, तेवढ्यात त्याचं नाव देवापुढे घे. नाव आठवलं नाही तर बेड नंबर सांग. महिन्याभराने लिही, आणि जमत नाही असं लिहिलंस तरी मी हेच सांगणार आहे.

तुझी मावशी