महिना झाला, वर्गात मुलीला नुसता खरारा आणि लीदच! ही कसली घोडेस्वारी?

तुमची तक्रार थोडक्यात अशी: मुलगी 11 वर्षांची, आठवड्यातून दोनदा वर्गाला जाते. दर वेळी जेमतेम 10 मिनिटं घोड्यावर बसवतात, तेही लगाम हातात न देता, घोड्याला लांब दोरी लावून. बाकी सगळा वेळ खरारा (ब्रशने घोड्याचं अंग घासणं), खूर साफ करणं, लीद उचलणं. दुसऱ्या एका ठिकाणी पहिल्याच दिवशी घोडा पळवायला देतात, तर तिथे घालू का?

मी तिच्याएवढी असताना शिकले आणि पुढे बरीच वर्षं मुलांच्या बॅचना मदतनीस म्हणून जात होते. माझं मत विचाराल तर बहुधा आहे तिथेच ठेवा. बहुधा का, ते पुढे सांगते.

आधी त्या दोरीचं. नवशिका माणूस घोड्यावर बसला की तोल जाताना हाताला येईल ते धरतो, आणि हातात लगाम असेल तर लगामच ओढतो. लगामाचं दुसरं टोक कुठे असतं? घोड्याच्या तोंडात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये हिरडीचा एक बिनदाताचा पट्टा असतो, त्यावर कडियाळं, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली दांडी, टेकलेलं असतं. दुडक्या चालीत स्वार प्रत्येक पावलाला उसळतो आणि प्रत्येक उसळीला त्या हिरडीला हिसका बसतो. असे वर्षभर नवशिके बसवा, घोडा लगामाला दाद देईनासा होतो. मग लोक म्हणतात, घोडा आडमुठा आहे.

म्हणून शहाणा शिक्षक मधोमध उभा राहतो, दोरी स्वतःच्या हातात ठेवतो, घोड्याला गोल फिरवतो आणि मुलाला सांगतो, हात पसर, डोळे मीट, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) सोडून दे. याला लंजिंग म्हणतात. मांड, म्हणजे घोड्यावरची बैठक, पक्की होते ती इथे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये नव्या शिकाऊ स्वारांना कित्येक महिने असंच, लगाम आणि रिकिबींशिवाय दोरीवर बसवतात. तुमच्या मुलीचा महिना त्या मानाने काहीच नाही.

आता खरारा. बाहेरून बघणाऱ्याला ते घोड्याला चकाचक करणं वाटतं. खरं म्हणजे ती रोजची तपासणी असते. गोल गोल हात फिरवताना बोटांना कळतं की इथे सूज आहे, इथे कालपेक्षा गरम लागतंय, इथे हात लावला की कातडी थरथरते. खोगिराखाली वाळूचे चार कण राहिले तरी तासाभरात पाठ सोलवटते.

खुरांचंही तेच. पायावरून हात खाली नेत पाय उचलायचा, टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती काढायची, मधल्या मऊ त्रिकोणी भागाला जपायचं, खडा अडकलाय का बघायचं. आणि वास घ्यायचा! घाणेरडा वास आणि काळपट लगदा दिसला तर खूर सडायला लागलाय. खूर महिन्याला साधारण 1 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, त्यामुळे 6 ते 8 आठवड्यांनी नालबंद यायलाच हवा. मधल्या दिवसांत मात्र खुराकडे लक्ष ठेवायचं काम खरारा करणाऱ्याचं.

लीद उचलायला लावतात याचा तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. घोड्याला उलटी करता येत नाही, हे माहीत आहे का? एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर फार लहान असतं, म्हणून ते दिवसाचा बराचसा वेळ थोडं थोडं गवत खात राहतं. चंदी, म्हणजे दाणा, एकदम जास्त झाली, पाणी कमी पडलं, आतडं तुंबलं, तर बाहेर टाकायची सोय नाही. पोटशूळ उठतो आणि घोडे त्यात दगावतात. पोट ठीक आहे की नाही हे सांगणारी सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे लीद. दिवसातून साधारण 8-10 वेळा पडायला हवी. सकाळी ठाणात, म्हणजे घोडा बांधायच्या जागी, लीदच नाही, चंदी तशीच, घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतोय, तर धावत जाऊन मोठ्या माणसाला सांगायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. रोज लीद उचलणाऱ्या मुलाला यातला बदल आधी दिसतो.

माझा स्वतःचा किस्सा सांगते. मलाही असल्या कामांचा कंटाळा होता. खोगीर मीच चढवते म्हणून हट्ट केला, तंग (पोटाखालून जाणारा खोगिराचा पट्टा) आवळला, शिक्षकांनी पुन्हा बघ म्हटलं तर 'बघितला' म्हणून ठोकून दिलं. बरेच घोडे तंग आवळताना छाती-पोट ताठ करतात आणि थोडं चालले की सैल सोडतात, म्हणून बसण्याआधी तंग पुन्हा आवळायचा असतो. मी रिकिबीत पाय घातला, अंग उचललं आणि खोगीर माझ्यासकट घोडीच्या पोटाखाली! बिचारी शांत होती, तशीच उभी राहिली. दुसरी एखादी असती तर दुगाण्या झाडत मला फरफटत नेलं असतं. त्यानंतर महिनाभर मला फक्त खोगीर घालायला आणि काढायला ठेवलं होतं. तेव्हा फार अपमान वाटला.

मुलांच्या घोडेस्वारीची एक जुनी आणि मोठी संघटना म्हणजे ब्रिटनमध्ये 1929 साली सुरू झालेला पोनी क्लब. त्यांच्या परीक्षांमध्येही घोड्याची निगा हा स्वारीच्या बरोबरीने असतो, नुसतं उत्तम बसता येऊन भागत नाही.

तरीही 'बहुधा' म्हटलं, कारण काही ठिकाणी निगेच्या नावाखाली पोरांकडून फुकट राबवून घेतात. तुमच्या वर्गात घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते मुलीकडूनच कळेल. तिला विचारा: घोड्याची नाडी कुठे बघायची? (जबड्याच्या खालच्या कडेला, आणि स्वस्थ उभ्या घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते.) मागून जाताना आधी आवाज का द्यायचा? घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही, आणि न दिसलेल्या गोष्टीला तो आधी लाथ मारतो. दोरी हाताला गुंडाळायची की घडी करून धरायची? गुंडाळली आणि घोडा बुजला तर बोटं जातात. महिन्याभरात यातलं निम्मं तरी तिला सांगता आलं तर तुमचे पैसे सत्कारणी लागलेत. काहीच सांगता आलं नाही, नुसतं 'दादा म्हणाला साफ कर, म्हणून केलं', तर तुमची शंका खरी.

आता पहिल्या दिवशी घोडा पळवायला देणारी ती जागा. घालायच्या आधी एकदा न सांगता जा आणि मुलांकडे नाही, घोड्यांकडे बघा. पाठीवर, खांद्याच्या उंचवट्याजवळ पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत का? खोगिराने कातडीला इजा झाली की तिथे पुढे पांढरे केस उगवतात. तंग आवळताना घोडा कान मागे चिकटवून चावायला बघतो का? एक घोडा दिवसात किती फेऱ्या करतो? पाणी सतत समोर असतं का? आणि मूल पडलं तर ते काय करतात तेही विचारा. पडणार तर आहेच, सगळेच पडतात. 'पडल्यावर लगेच परत चढवायचं, म्हणजे भीती बसत नाही' हे मोठ्या अभिमानाने सांगणारे भेटतील. डोकं आपटलं असेल तर हा शुद्ध वेडेपणा आहे. त्या दिवशी स्वारी बंद, आधी डॉक्टर.

आणि हेल्मेट तिचं स्वतःचं, घोडेस्वारीसाठीच बनवलेलं घ्या, सायकलचं चालत नाही. एकदा जोरात आपटलं की वरून धड दिसलं तरी बदलायचं. बूट थोडी टाच असलेले हवेत, सपाट तळव्याचा पाय रिकिबीतून आरपार जातो.