वस्तीतल्या प्रकल्पाच्या नियोजनात डिझाइन थिंकिंग नेमकं कुठे बसवायचं?

तुमचा प्रश्न असा, की देणगीदाराला तारखा आणि आकडे हवेत, मग लोकांकडून शिकत शिकत आराखडा बदलायला जागा कुठून काढायची, आणि संस्था बाहेर पडल्यावर व्यवस्था टिकणार कशी. मी मुंबईत वस्त्यांमधल्या सार्वजनिक शौचालयांच्या कामात आहे, म्हणून तिथलंच सांगते.

लोकांना समजून घ्या, प्रश्न नेमका मांडा, कल्पना काढा, नमुना करा, तपासा. डिझाइन थिंकिंग म्हणजे वापरणाऱ्यांकडून शिकत रचना करण्याची ही पद्धत; स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डी-स्कूलची ही पाच पावलं आता सगळीकडे शिकवतात. माझ्या मते त्यात नमुना सगळ्यात मोलाचा, आणि आपल्याकडे नेमका तोच गाळला जातो, कारण निविदेत त्याला रकानाच नसतो.

मुंबईला हे नवं नाही. 1985 साली स्पार्क संस्थेनं भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्यांची गणना केली. पुढे महिला मिलन या फुटपाथवरच्या बायकांच्या संघटनेनं बांबू आणि कापडाचं खऱ्या मापाचं घर उभं केलं, आत वावरून बघितलं आणि छत 14 फुटांचं मागितलं, म्हणजे पोटमाळा निघतो. नुसता नकाशा पुढे ठेवला असता तर हे कोण बोललं असतं?

शौचालयाचंही तेच. सकाळच्या रांगेत मोठी माणसं पोरांना मागे सारतात. मोठ्या भांड्यावर बसायला पोरं घाबरतात, मग गटाराच्या कडेला बसतात. म्हणून मुलांसाठी वेगळी, लहान मापाची, धरायला दांडा असलेली भांडी. बायकांची रांग वेगळी. वरच्या मजल्यावर राखणदाराच्या कुटुंबाला खोली. हे सगळं सकाळी सहाला रांगेपाशी उभं राहिल्याशिवाय सुचत नाही, तेव्हा ते उभं राहणंसुद्धा वेळापत्रकात काम म्हणून लिहा.

देणगीदाराशी बोलताना दोनच गोष्टींवर अडून बसा. पहिली, नमुन्यासाठी वेगळा पैसा, आणि त्यानंतर आराखडा बदलायची मुभा करारातच लेखी. दुसरी, शौचालयाचं समितीकडे हस्तांतरण बांधकाम संपल्याच्या दिवशी नको. वस्तीच्या समितीनं काही महिने पासचे, म्हणजे शौचालय वापरायला कुटुंबांनी भरायचे, पैसे गोळा करून वीज, पाणी आणि राखणदाराचा पगार स्वतः भागवल्यावरच शेवटचा हप्ता सुटावा. वीज-पाण्याचं मीटर कोणाच्या नावावर राहणार आणि टाकी उपसायचा खर्च पासच्या पैशात बसतो का, हे मात्र पाया खणायच्या आधी समितीबरोबर बसून वहीत मांडा.